हात बदलून

तीन दिवसांपूर्वी रेडिएटर बदलला,
वॉटर पंप बदलला, फुगलेले दोन होज,
हिरवं पाणी गळ्यापर्यंत भरलं.
काटा मधोमध. थेंबाची गळती नाही.
बिल मी माझ्या अक्षरात लिहिलं.

आणि आज पहाटे साडेतीनला
जांबोटीच्या नाक्यावर शटर वाजवलं रुद्राप्पानं.
कोबीची पिकअप, म्हापशाचा बाजार गाठायचा,
आणि हीटरमधून निव्वळ गार वारं.
"बिसी इल्ल, अक्का," म्हणाला,
मग माझ्यासाठी मराठीत,
"बर्फाच्या तोंडात बसल्यागत होऊलालंय."

आपल्याकडं हीटर लागतो कुणाला, असं विचारणाऱ्यांनी
डिसेंबरात एकदा चोर्ला उतरून बघावा.
धुकं बाहेर असतं, काच आतून आंधळी होते,
एका हातात स्टिअरिंग, एका हातात फडकं,
आणि वळणावर समोरून वाळूचा ट्रक.
परवा रुद्राप्पा काचेला
तंबाखूची पुडी चोळत घाट उतरला.

बोनेट उघडलं. फ्यूज बघितला. ब्लोअर नीट.
केबल ओढली, आतला पडदा टक करून हलतो.
थर्मोस्टॅट तर बसवण्याआधी मी
चहाच्या पातेल्यात उकळून बघितला होता,
उघडला होता.
(त्या पातेल्यात आई आता चहा करत नाही.)
मग राहिलं काय?
बिल आठवायला लागलं मला, ओळ न् ओळ.

तेवढ्यात आबा आले, कानटोपी घालून, भिंत धरत.

शिमग्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं.
जीभ परत आली, पाय परत आला,
उजवा हात आला तो नुसता आकारानं.
त्याला चहाचा पेला गार, चुलीची कड गार,
माझ्या पोराचा ताप गार.

काही विचारलं नाही. "इंजिन चालू ठेव."
केबिनच्या पत्र्यात शिरणारे दोन पाईप,
अंगठ्याएवढे, एक जाणारा, एक येणारा.
डावा हात एकावर, उजवा दुसऱ्यावर.
डोळे मिटले.
"एक गरम. एक गार."

मी गप्प. रुद्राप्पाला काय माहीत,
उजव्याला सगळंच गार.
आबांनाही ते सुचलं असावं.
त्यांनी हात बदलले,
मनगटावरून मनगट नेऊन, सावकाश.
"आता डाव्यालाबी गार. म्हंजे पाईपच गार हाय."
आणि उजवा तापल्या पाईपवर
तसाच, निवांत.
मीच उचलला. तळव्यावर लाल पट्टा.
आबा त्याच्याकडं बघत राहिले,
आपल्या पेटीत दुसऱ्या कुणाचा पाना निघावा तसे.

"वारं अडकलंय," म्हणाले.
"भरलंस खरं, आतलं काढलं न्हाईस."
हेच मग रुद्राप्पाला कानडीत.
गाडीलाही काहीतरी बोलले,
ते कुठल्या भाषेत, आम्हा दोघांनाही कळलं नाही.

इंजिन निवायला अर्धा तास. दुसऱ्या पातेल्यातला चहा.
मग घाटाकडच्या चढावर पिकअप, नाक वर,
मागच्या चाकांना दगड, झाकण काढलेलं,
हीटरचा खटका लालच्या टोकाला,
माझा पाय ॲक्सिलरेटरवर, आबा पाण्यावर वाकलेले.
काहीच नाही.
काहीच नाही.
मग बुडुक.
बऱ्याच वेळानं बुडुक, बुडुक,
आणि पाणी एकदम खाली बसलं.
लिटरभर ओतलं, प्यायलं. अजून मागितलं.

केबिनमध्ये आधी ओल्या गोणपाटाचा वास,
मग ऊब.
काच खालून उघडत गेली, वाटीएवढी, ताटाएवढी.

आबांनी खिडकीतून हात आत घातला,
जाळीसमोर धरला.
उजवा.

मी विचारणार नव्हते.
रुद्राप्पानं विचारलं, "आलं काय, मामा?"
"गाडीला आलं," आबा म्हणाले,
आणि हात तिथंच.

पाच वाजून गेले होते.
म्हापशाला टोपल्या उतरायला लागल्या असतील.
रुद्राप्पानं गिअर टाकला नाही.